टर्बो गाडीचा टॉर्क, पॉवर आणि वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोरूममध्ये मिळणाऱ्या माहितीपत्रकात पॉवर आणि टॉर्क हे दोन आकडे ठळक छापलेले असतात. गाडीचं वजन शोधायला गेलं तर बऱ्याचदा सापडतच नाही. आणि हे दोन आकडे कोणत्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) मिळतात, ते बारीक अक्षरात असतं. रस्त्यावर गाडी कशी ओढेल, हे मात्र त्या बारीक अक्षरांवर आणि न छापलेल्या वजनावरच ठरतं. म्हणून इथली बहुतेक उत्तरं त्यांच्याभोवती फिरतात.

उदाहरणासाठी बऱ्याच ठिकाणी ह्युंदाई क्रेटा घेतली आहे. २०२४ च्या क्रेटात एकाच बॉडीत १.५ लिटरचीच तीन वेगळी इंजिनं मिळतात, त्यामुळे तुलना करताना बाकीच्या गोष्टी आड येत नाहीत.

टॉर्क आणि पॉवर यांत नेमका फरक काय?

टॉर्क म्हणजे इंजिन क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) देत असलेला पीळ. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगलं, तर नटावर येणारा पीळ जवळपास १०० न्यूटन मीटर असतो. नट गंजून घट्ट बसला असेल आणि हलतच नसेल, तरी पीळ आहेच. पण काम शून्य.

पॉवर म्हणजे तो पीळ किती वेगाने फिरतोय त्याचा हिशोब. म्हणून पॉवर वेगळी मोजावी लागत नाही, ती टॉर्कवरून काढता येते:

पॉवर (पीएसमध्ये, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये) = टॉर्क (न्यूटन मीटरमध्ये) × आरपीएम ÷ ७०२४

हे एक सूत्र लक्षात ठेवलं तर पुढची बहुतेक उत्तरं तुमची तुम्हालाच काढता येतील. २५० न्यूटन मीटर टॉर्क २००० आरपीएमला मिळत असेल, तर त्या क्षणी इंजिन ७१ पीएस देतंय. तोच टॉर्क ४००० ला मिळाला असता तर १४२ पीएस.

मग पिकअप कशावर ठरतो, टॉर्कवर की पॉवरवर?

गाडी पुढे ढकलणारा जोर चाकाशी मोजायचा असतो, आणि इंजिन ते चाक या वाटेत गिअरबॉक्स आहे. गिअर टॉर्क वाढवतो आणि तेवढ्याच पटीत फेरे कमी करतो. पॉवर मात्र घर्षणात जाते तेवढी सोडली तर तशीच राहते. म्हणून एखाद्या विशिष्ट वेगाला असताना गाडी किती जोरात वेग घेईल, हे त्या क्षणी इंजिन किती पॉवर देतंय यावर ठरतं. माहितीपत्रकातली कमाल पॉवर वेगळी, त्या क्षणाची वेगळी, आणि सगळा गोंधळ या दोघींत होतो.

क्रेटाची तीन इंजिनं बघा:

साधं पेट्रोल (टर्बो नसलेलं): ११५ पीएस ६३०० आरपीएमला, १४४ न्यूटन मीटर ४५०० ला.
टर्बो डिझेल: ११६ पीएस ४००० ला, २५० न्यूटन मीटर १५०० ते २७५० पर्यंत.
टर्बो पेट्रोल: १६० पीएस ५५०० ला, २५३ न्यूटन मीटर १५०० ते ३५०० पर्यंत.

साधं पेट्रोल आणि डिझेल यांची कमाल पॉवर सारखीच म्हणावी अशी. पण २००० आरपीएमला काय होतं? डिझेल ७१ पीएस देतं, टर्बो पेट्रोल ७२. साध्या पेट्रोलचा १४४ हा कमाल टॉर्क तिथेच मिळतो असं उदार मनानं धरलं, तरी ४१ पीएसच्या वर ते जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. रोजच्या चालवण्यात आपण बहुतेक वेळ १५०० ते २५०० मध्येच असतो. म्हणूनच कागदावर सारख्या असलेल्या या दोन गाड्या चालवायला अजिबात सारख्या वाटत नाहीत.

आता उलटी जोडी घ्या, डिझेल आणि टर्बो पेट्रोल. टॉर्क जवळजवळ समान. २५०० आरपीएमपर्यंत दोघंही जोडीनं चालतात. मग डिझेलचा टॉर्क २७५० नंतर उतरू लागतो आणि ४००० ला सुमारे २०४ न्यूटन मीटर उरतो. टर्बो पेट्रोलचाही टॉर्क शेवटी २०४ च्याच आसपास येतो, पण तो ५५०० ला. तेवढाच पीळ जास्त वेगानं फिरतोय, म्हणून ११६ च्या जागी १६० पीएस. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ओव्हरटेक करताना पेट्रोलवाला तिसरा गिअर बराच वेळ खेचू शकतो, तर डिझेलवाल्याला आधीच चौथा टाकावा लागतो. आणि वरचा गिअर टाकला की चाकाशी येणारा जोर घटतो.

टर्बो नेमकं काय करतो?

सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. इंजिन किती इंधन जाळू शकतं हे हवेवर अवलंबून असतं, आणि साधं इंजिन वातावरणाच्या दाबानं जेवढी हवा आत येईल तेवढ्यावरच भागवतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं टर्बाइन फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून आत पाठवतो. दांड्याचा वेग मिनिटाला लाखाच्या वर जातो. दाबल्यामुळे हवा तापते, म्हणून वाटेत इंटरकूलर लावून ती थंड करतात.

कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण प्रवासी गाड्यांत टर्बो आला तो १९६२ मध्ये अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर या गाड्यांतून.

"१५०० ते ३५०० आरपीएमला कमाल टॉर्क" असं लिहितात. निसर्गतः टॉर्क इतका सपाट असतो का?

नाही, तो सपाट ठेवला जातो. मधल्या आरपीएमला टर्बो याहून जास्त दाब देऊ शकतो. पण इंजिनचा कॉम्प्युटर वेस्टगेट नावाची झडप उघडून जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडून देतो आणि टॉर्क ठरलेल्या रेषेवर धरून ठेवतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच, गिअरबॉक्स, उष्णता, या सगळ्यांच्या मर्यादा त्या रेषेमागे आहेत.

चाकणला बनलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या १८५ पीएस डिझेलमध्ये हे उघड दिसतं. मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर टॉर्क ४२० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकबरोबर ४५०. इंजिन तेच, पॉवर तीच, आणि ३० न्यूटन मीटरचा फरक. छापलेला टॉर्क म्हणजे कंपनीने किती द्यायचं ठरवलं तो आकडा, असं समजा.

टर्बो लॅग म्हणजे काय? माझी गाडी १५०० च्या खाली मेल्यासारखी चालते, तो लॅगच ना?

इथे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं जातं, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली गोष्ट: ठराविक आरपीएमच्या खाली धुराचा प्रवाहच इतका कमी असतो की टर्बाइन पुरेसं फिरू शकत नाही. तिथे ॲक्सिलरेटर कितीही वेळ दाबून ठेवा, दाब तयार होणार नाही. १२०० आरपीएमवर चौथ्या गिअरमध्ये गाडी कुंथत असेल तर तुम्ही या हद्दीत आहात. वाट बघण्यात अर्थ नाही, खालचा गिअर टाकायचा.

दुसरी गोष्ट: आरपीएम पुरेसे आहेत, पण तुमचा पाय आत्ताच खाली गेलाय. धूर वाढणार, टर्बाइन वेग घेणार, पाइप आणि इंटरकूलर दाबलेल्या हवेनं भरणार, मग टॉर्क येणार. याला लागणारा वेळ म्हणजे खरा लॅग. आजच्या लहान टर्बोंमध्ये तो बराच कमी झालाय, पण शून्य नाही. यावर उपाय म्हणजे पाय थोडा आधी दाबणं. ओव्हरटेकसाठी बाहेर काढण्याच्या क्षणी टर्बो फिरत असायला हवा.

ज्यांनी जुनी डिझेल स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा किंवा पुंटो चालवली आहे त्यांना पहिली गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्या सगळ्यांत फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन होतं. साधारण ७५ पीएस आणि २००० आरपीएमच्या आसपास सुमारे १९० न्यूटन मीटर. यातल्या फियाट आणि टाटाच्या गाड्यांची इंजिनं आपल्या रांजणगावच्या कारखान्यात बनत. १८०० च्या खाली या गाड्या सुस्त, आणि २००० ओलांडले की पाठीमागून कुणी ढकलावं तशी गाडी निघायची. हायवेला मजा यायची. सिग्नल ते सिग्नल चालवताना, स्पीडब्रेकरवर दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मात्र ती जीव काढायची. हेच इंजिन काही गाड्यांत ९० पीएसचं मिळत असे. त्यात टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलता येणारा टर्बो होता. कमी धुरातही तो टर्बाइनवर झोत वेगानं सोडतो, पण प्रामुख्यानं त्याचा फायदा वरच्या टप्प्यात जाणवे.

वजनाचा परिणाम खरंच इतका होतो का?

होतो, आणि खरेदीच्या वेळी सर्वांत कमी चर्चा याचीच होते.

शून्यापासून १०० किलोमीटरच्या वेगाला १२०० किलोची गाडी न्यायला सुमारे ४६३ किलोज्यूल ऊर्जा लागते. गाडी १६०० किलोची असेल तर ६१७. वजन एकतृतीयांश वाढलं, ऊर्जाही तेवढीच वाढली, आणि इंजिन तेच असेल तर वेळही साधारण तेवढाच वाढणार. यात इंजिनिअरिंगची कुठलीही करामत उपयोगी पडत नाही.

१३०० किलोच्या गाडीत पाच मोठी माणसं आणि डिकीभर सामान म्हणजे आणखी ४०० किलो. लग्नसराईत आहेराची भांडी, गणपतीला कोकणात जाताना टपावर बांधलेलं सामान, मे महिन्यात तिथून परत येताना आंब्याच्या पेट्या, हे सगळं धरलं तर त्याहून जास्त. टेस्ट ड्राइव्ह मात्र आपण सेल्समनला शेजारी बसवून, रिकाम्या डिकीनं, सपाट रस्त्यावर घेतो. गाडीच्या क्षमतेचा अंदाज तिथेच चुकतो.

पॉवर-टू-वेट रेशो कसा काढायचा आणि किती असावा?

पीएसला टनातल्या वजनानं भागायचं. बलेनो आरएस ही १०२ पीएसची आणि ९५० किलोची होती, म्हणजे टनाला १०७ पीएस. टाटा सफारी (डिझेल) १७० पीएसची, ३५० न्यूटन मीटरची, पण वजन १८०० किलोच्या घरात. टनाला ९४ च्या आसपास. सफारीचा टॉर्क बलेनो आरएसच्या १५० न्यूटन मीटरपेक्षा दुपटीहून जास्त आहे, तरी मोकळ्या रस्त्यावर छोटी गाडी मागे पडत नाही, याचं कारण या भागाकारात आहे.

माझा सल्ला असा, की हा भागाकार दोनदा करा. एकदा रिकाम्या वजनावर, एकदा ४०० किलो वाढवून. बलेनो आरएसचा आकडा मग ७६ वर येतो आणि सफारीचा ७७ वर. भरल्या गाडीत दोघी बरोबरीत! जड गाडीला चार माणसांचं ओझं प्रमाणानं कमी जाणवतं, हलक्या गाडीला जास्त. ज्यांचे प्रवास कुटुंबाला घेऊनच होतात, त्यांनी दुसरा आकडा बघावा.

भरल्या गाडीत टनाला ६० पीएसच्या खाली आकडा गेला तर घाटात आणि एकपदरी रस्त्यावर सतत गिअर खेळवत राहावं लागतं. ७५ च्या वर असेल तर निवांत जाता येतं. हा नियम नाही, चालवून बनलेलं मत आहे.

खंडाळ्याच्या घाटात टर्बो गाडी इतकी सोपी का वाटते?

हिशोबच करू. क्रेटा, पाच माणसं आणि सामान धरून १७०० किलो, साधारण ७ टक्के चढ, वेग ताशी ६०.

चढावर गाडीला मागे खेचणारा जोर सुमारे ११७० न्यूटन. टायरचं घर्षण सुमारे २००, हवेचा अडथळा १४० च्या आसपास. एकूण १५०० न्यूटनच्या थोडं वर. या वेगाला ते ओढायला ३४ पीएस लागतात, आणि गिअरबॉक्स वगैरेत वाया जाणारी पॉवर धरली तर इंजिनला ३८ पीएस द्यावे लागतात. लक्षात घ्या, हा फक्त वेग टिकवायचा खर्च आहे. वेग वाढवायला वेगळे पीएस हवेत.

चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० ला इंजिन २००० च्या आसपास असतं. साधं पेट्रोल तिथे उदारपणे धरूनही ४१ पीएस देतं. म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि पुढचा ट्रक ओलांडायला हाती काहीच नाही. तिसरा टाकून ३००० वर जावं लागतं, इंजिन ओरडू लागतं. टर्बो पेट्रोल किंवा डिझेलकडे त्याच २००० ला ७१-७२ पीएस आहेत. वेग टिकवून वर ३३ पीएस शिल्लक. गिअर न बदलता ट्रक मागे पडतो.

गाडीत फक्त चालक असेल तर तोच चढ ३२ पीएसमध्ये होतो. म्हणून एकट्यानं चालवताना साध्या पेट्रोलबद्दल तक्रार नसते, आणि तीच गाडी मे महिन्यात सगळ्यांना घेऊन निघाली की "गाडी ओढत नाही" असं वाटू लागतं.

साधं इंजिन वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. योग्य वेळी गिअर उतरवला तर त्याच घाटात तेही व्यवस्थित जातं. त्याची पॉवर वरच्या आरपीएमला ठेवलेली आहे, तिथे जाऊन ती घ्यावी लागते. आपल्याकडे पुष्कळ जणांना ३००० च्या वर इंजिन नेणं म्हणजे गाडीवर अत्याचार वाटतो. तसं काही नसतं. उलट १३०० वर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणं इंजिनला, विशेषतः टर्बो पेट्रोलला, जास्त जाचक असतं.

उंचीवर आणि कडक उन्हात काय फरक पडतो?

उंचीवर हवा विरळ होते. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के कमी. साधं इंजिन साधारण तेवढीच पॉवर गमावतं. म्हणजे पसरणीचा घाट चढताना चढ वाढत असतो आणि इंजिन अशक्त होत असतं. लडाखमध्ये खारदुंग ला ५३५९ मीटरवर आहे, तिथे साध्या इंजिनाकडे निम्म्याच्या जरा वर पॉवर उरते. टर्बो थोडा जास्त फिरून हा तोटा बराचसा भरून काढतो, अर्थात त्याच्या वेगाच्या मर्यादेपर्यंतच. टर्बो तयार व्हायच्या आधीच्या आरपीएमला मात्र तीही गाडी साध्या गाडीइतकीच अशक्त असते, आणि लहान इंजिन असेल तर त्याहून जास्त.

उन्हाचं गणित वेगळं. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत हवेची घनता १५ अंशांच्या तुलनेत ९ टक्क्यांहून अधिक घटते. टर्बो गाडीत त्यावर इंटरकूलरचा प्रश्न येतो. ट्रॅफिकमध्ये गाडी रेंगाळली की इंटरकूलर स्वतःच तापून बसतो, आत गरम हवा जाते आणि नॉकिंगचा (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोठावण्याचा) धोका वाढतो. कॉम्प्युटर मग ठिणगीची वेळ मागे घेतो आणि टॉर्क कमी करतो. एप्रिल-मेच्या दुपारी टर्बो पेट्रोल जरा मंद वाटली तर बिघाड समजून धावत वर्कशॉपला जायची गरज नाही. रात्री गारव्यात तीच गाडी चालवून बघा.

एक लिटरचं तीन सिलिंडर टर्बो मोठ्या गाडीला पुरतं का?

आपल्याकडे ही इंजिनं इतकी का आली, त्यात कराचा मोठा वाटा आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांना, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल १५०० सीसीच्या आत असेल तर, कमी कर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही ही रेषा तशीच ठेवली गेली: आत असेल तर १८ टक्के, बाहेर असेल तर ४०. त्यामुळे सीसी न वाढवता पॉवर वाढवायची तर टर्बो हाच मार्ग उरतो.

फोक्सवॅगन व्हर्टसमधलं १.० लिटर टीएसआय ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर देतं. सव्वा टनाच्या आसपासच्या त्या सेडानला ते चांगलं पुरतं. अडचण येते ती अगदी सुरुवातीला. टर्बो जागा होईपर्यंत ते फक्त एक लिटरचं इंजिन असतं. १२०० आरपीएमला, एसी चालू, पाच माणसं, आणि पार्किंगचा उभा रॅम्प, अशा वेळी १.५ लिटरचं साधं इंजिन सरळ उठतं आणि एक लिटर टर्बो अडखळतं. क्लच थोडा जास्त खेळवून, रेस देऊन निघावं लागतं. तुमच्या सोसायटीला असा रॅम्प असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा आणि तिथेच चढवून बघा.

ओव्हरटेकला ०-१०० चा आकडा उपयोगी असतो का?

फारसा नाही. एकपदरी रस्त्यावर कुणी शून्यापासून ओव्हरटेक करत नाही. ६० ते १०० ला किती वेळ लागतो, तो आकडा बघायचा.

१७०० किलोची गाडी ६० वरून १०० ला न्यायला सुमारे ४२० किलोज्यूल लागतात. घर्षण आणि हवा वजा जाता सरासरी ५० किलोवॉट उरत असतील तर साडेआठ सेकंदांच्या आत-बाहेर. सरासरी ७५ असेल तर साडेपाच. फरक तीन सेकंदांचा. या तीन सेकंदांत तुमची गाडी ६५ मीटरच्या वर जाते, समोरून ताशी ८० नं येणारी एसटीही तेवढीच. दोन्ही मिळून १३० मीटर मोकळा रस्ता जास्त लागतो, आणि आंबा घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर एवढं पुढचं दिसतं कुठे?

म्हणून भरल्या गाडीनं निघताना नेहमीचा ओव्हरटेकचा अंदाज वापरू नये. एकट्यानं चालवताना पायाला लागलेली सवय तिथे धोक्याची ठरते. टर्बो असली तरी आधी एक गिअर खाली, आरपीएम २००० च्या वर आणि मगच बाहेर.

ऑटोमॅटिक घ्यायची तर यात काय बदलतं?

बरंच. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा प्रकार) गाडी निघताना इंजिनचा टॉर्क स्वतःच वाढवून देतो आणि इंजिनला टर्बोच्या टप्प्यात पटकन जाऊ देतो, त्यामुळे सुरुवातीची मरगळ झाकली जाते. डिझेल आणि टॉर्क कन्व्हर्टर ही जोडी घाटात मला सर्वांत आवडते.

ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक) गिअर फार चपळाईनं बदलतो, मोकळ्या रस्त्यावर त्याला तोड नाही. पण कोरडे क्लच असलेला ड्युअल क्लच चढावरच्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवला तर तापतो. लाँग वीकेंडला बोरघाटात गाड्या खोळंबतात तेव्हा ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका. ब्रेक दाबा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा.

एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप बदलते) गिअर बदलताना टॉर्क तुटतो, आणि त्या क्षणात टर्बोचा दाबही उतरतो. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) आरपीएम हवे तिथे धरून ठेवते, शहरात ती सुखद असते.

कंपनी २० चं मायलेज सांगते, मला १२ मिळतं. टर्बोत गडबड आहे का?

बहुधा नाही. आपल्याकडची मायलेज चाचणी रोलरवर होते, ठरावीक चक्रानुसार. पुण्याची एआरएआय ही ती करणारी प्रसिद्ध संस्था. त्या चक्रात वेग ९० च्या वर जात नाही, वेग वाढवणं सौम्य असतं आणि घाट तर नसतोच. अशा हलक्या कामात लहान टर्बो इंजिन दाब फारसा न वापरता, लहान इंजिनाच्याच भुकेवर चालतं.

तुम्ही मात्र टॉर्कचा आनंद घेता. दाब वाढला की हवा जास्त, हवा जास्त की इंधन जास्त. पेट्रोलमध्ये तर पूर्ण दाबाखाली तापमान आवरायला गरजेहून थोडं जास्त इंधनही सोडलं जातं. वजनही इथे मधे येतं: थांबत-निघत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये प्रत्येक वेळी ते सगळं वजन पुन्हा वेगात आणावं लागतं आणि ब्रेक दाबला की ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. हायवेला एका संथ वेगाने ९० वर जाऊन बघा, आकडा सुधारेल.

रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) करून किंवा ट्यूनिंग बॉक्स लावून टॉर्क वाढवावा का?

टर्बो गाडीत सॉफ्टवेअर बदलून टॉर्क वाढतो, हे खरं आहे. वर सांगितलेली सपाट रेषा वर सरकवायची, इतकंच. पण ती रेषा ज्या भागांसाठी आखली होती ते भाग तेच राहतात. क्लच घसरू लागणं हे पहिलं लक्षण. टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमला टॉर्क फार वाढवला तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होऊ शकतो, आणि त्यानं पिस्टन फुटतात. वॉरंटी नाकारली जाऊ शकते, विम्याच्या दाव्यातही अडथळा येऊ शकतो.

रोजच्या, कुटुंबाच्या गाडीत हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी डिकी उघडा. वर्षभर न लागणारं सामान, नेहमी लावून ठेवलेला रूफ कॅरिअर, हे काढलं तर गाडी हलकी होते आणि हवेचा अडथळाही घटतो. टायरमधली हवा तपासा, एअर फिल्टर बदला. या गोष्टींना खर्च जवळपास नाही.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाकं फिरतात. टॉर्क जास्त झालाय का?

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत वेग घेताना भार मागे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. त्यात टर्बोचा टॉर्क हळूहळू न येता एकदम येतो. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-मातीचा राप आलेला असताना, पुढचं चाक सहज घसरतं आणि स्टीअरिंगही एका बाजूला ओढलं जातं. अशा वेळी दुसऱ्या गिअरमध्ये लवकर जा, पाय १५०० ते २००० च्या दरम्यान हलका ठेवा आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नका. टायरची नक्षी झिजली असेल तर जूनच्या आधी बदलून घ्या.